सांगणं निराळं, मागणं निराळं

१५ सप्टेंबरची रात्र. अकराचा सुमार. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात मुंगीला शिरायला जागा नसते. समोरच्या राष्ट्रीय राजवाड्याच्या सज्जात राष्ट्राध्यक्ष येतात, घंटेचा दोर ओढतात आणि देशाच्या वीरांची एकेक करून नावं घेतात. शेवटी तीनदा ललकारी उठते, ‘बिबा मेहिको!’ आणि खालून हजारो कंठांतून उत्तर येतं, ‘बिबा!’

१६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे डोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या धर्मगुरूंनी चर्चची घंटा वाजवून स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठावाची हाक दिली, त्याची ही आठवण. ती घंटा १८९६ मध्ये राजधानीत आणून याच सज्जावर बसवण्यात आली. २०२५ साली ही ललकारी प्रथमच एका महिला राष्ट्राध्यक्षांनी, क्लाउडिया शेनबाउम यांनी दिली. माणसं बदलली, शब्द मात्र तोच राहिला.

हा शब्द भारतीय कानांनाही अनोळखी नाही. मार्लन ब्रँडोचा ‘विवा झपाटा’ हा १९५२ चा चित्रपट जुन्या सिनेरसिकांना आठवत असेल. स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’कडे झुकतो, म्हणून खरा उच्चार ‘बिबा’. मराठी घरात बिबा म्हटलं की आजीच्या औषधांचा बटवा डोळ्यांसमोर येतो. हा बिबा मात्र वेगळा. ‘बिबिर’ म्हणजे जगणं. त्याचं साधं रूप ‘बिबे’, म्हणजे ‘जगतो’. आणि ‘बिबा’ म्हणजे ‘जगो’, आपल्या घोषणांच्या भाषेत ‘चिरायू होवो’. अनेक वीरांसाठी घोषणा असली की तेच रूप अनेकवचनात जातं, ‘बिबान’!

‘मेक्सिको जगतो’ ही झाली बातमी. ‘मेक्सिको चिरायू होवो’ ही झाली इच्छा. पहिल्या वाक्यात बोलणारा काहीतरी सांगतो, दुसऱ्यात काहीतरी मागतो. स्पॅनिश भाषा या दोन गोष्टी कधी एका पंगतीत बसवत नाही. मागण्यासाठी तिनं क्रियापदाचा वेगळा साजच शिवून ठेवला आहे. त्याचं नाव ‘सुबहुन्तिबो’.

स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा. भारतातही ती शिकणाऱ्यांची कमतरता नाही. स्पेन सरकारच्या सेर्वान्तेस संस्थेचं केंद्र २००९ पासून दिल्लीत आहे. ‘मी येतो, तू जातोस’ इथपर्यंत शिकणाऱ्यांची गाडी सुसाट जाते. मग बी-वन पातळीच्या आसपास सुबहुन्तिबोचा घाट लागतो आणि भल्याभल्यांना धाप लागते. गंमत अशी, की मराठी माणसानं या घाटाचा अर्धा रस्ता लहानपणीच पार केलेला असतो. शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ पाठ करावे लागतात, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो बोलतो’ हा स्वार्थ आणि ‘त्यानं बोलावं’ हा विध्यर्थ. ज्याला हा फरक उमगला, त्याच्यासाठी सुबहुन्तिबो परका राहत नाही.

अदलाबदल एवढीच

आधी रूपं पाहू. स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी आहेत. मूळ रूपाच्या शेवटी कुणाला ‘आर’ असतं, कुणाला ‘एर’, कुणाला ‘इर’. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं किंवा जेवणं आणि बिबिर म्हणजे जगणं किंवा राहणं. सगळ्यांत मोठं घराणं ‘आर’चं.

साध्या वर्तमानकाळात ‘आर’ घराण्याचा स्वर ‘आ’ असतो, उदाहरणार्थ ‘आब्ला’, तो बोलतो. बाकी दोघांचा ‘ए’, म्हणजे ‘कोमे’, तो जेवतो, आणि ‘बिबे’, तो राहतो. सुबहुन्तिबो करायचा म्हणजे या स्वरांची अदलाबदल करायची. ‘आ’वाल्यांना ‘ए’ द्यायचा आणि ‘ए’वाल्यांना ‘आ’. आब्लाचं झालं आब्ले, कोमेचं झालं कोमा, बिबेचं झालं बिबा. शेजारणींनी वाट्या बदलाव्यात तसं!

कृतीच सांगायची तर ‘मी’चं रूप घ्यायचं, म्हणजे आब्लो, कोमो, बिबो. शेवटचा ‘ओ’ काढायचा आणि नवा स्वर लावायचा. ‘मी’पासून सुरुवात करण्यात एक शहाणपण आहे. पुढे अनियमित क्रियापदं येतात, तेव्हाही त्यांतल्या बऱ्याच जणांना हीच किल्ली लागते.

आब्लारची सहा रूपं अशी. मी बोलावं, आब्ले. तू बोलावंस, आब्लेस. त्यानं, तिनं किंवा आदरार्थी ‘आपण’ बोलावं, पुन्हा आब्ले. आम्ही बोलावं, आब्लेमोस. तुम्ही बोलावं, आब्लेइस. त्यांनी बोलावं, आब्लेन. कोमेरची रूपं कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. बिबिरची बिबा, बिबास, बिबा, बिबामोस, बिबाइस, बिबान. म्हणजे ‘एर’ आणि ‘इर’ या दोन घराण्यांचे प्रत्यय अगदी सारखे. एक पाठ केलं की दुसरं फुकट. त्यात ‘तुम्ही’साठीचं पाचवं रूप स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी ‘त्यांनी’चं रूप वापरतात, त्यामुळे तिकडच्या स्पॅनिशपुरता तोही भार नाही.

‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, हे एव्हाना लक्षात आलं असेल. एरवी स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तो’ ही सर्वनामं गाळूनच बोलतो, कारण क्रियापदावरून कर्ता कळतो. इथे कळत नाही. म्हणून घोटाळा होण्यासारखा असेल, तर सर्वनाम उच्चारणं भाग पडतं.

लिहिताना आणखी एक खबरदारी लागते. बुस्कार म्हणजे शोधणं, त्याचं रूप ‘बुस्के’. येगार म्हणजे पोहोचणं, त्याचं रूप ‘येगे’. कानाला सगळं सरळ वाटतं. पण रोमन लिपीत ‘सी’ या अक्षरापुढे ‘ई’ आलं की त्याचा ‘क’ राहत नाही, आणि ‘जी’पुढे आलं की ‘ग’ राहत नाही. मूळचा उच्चार टिकवण्यासाठी स्पेलिंग बदलावं लागतं. सीच्या जागी क्यू-यू येतात आणि जीच्या पुढे यू. क्रियापद नियमितच आहे, लिपीला तेवढी कसरत करावी लागते. देवनागरीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नसता.

ही अदलाबदल कुणा स्पॅनिश पंडिताच्या डोक्यातून निघालेली नाही. ती लॅटिनकडून आलेली वडिलोपार्जित मिळकत आहे. लॅटिनमध्ये ‘विविट’ म्हणजे जगतो आणि ‘विवाट’ म्हणजे जगो. ‘आमाट’ म्हणजे प्रेम करतो आणि ‘आमेट’ म्हणजे प्रेम करो. शेवटचा ‘ट’ काळाच्या ओघात गळला, स्वर मात्र आपापल्या जागी राहिले. आंतोनियो दे नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये कॅस्टिलियन म्हणजे स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हाही ही रूपं लोकांच्या तोंडी रुळलेलीच होती.

एका स्वराची किंमत

रूपं करणं असं सोपं. मग घाट अवघड का? कारण अर्थाचा सगळा भार त्या एका स्वरावर, आणि तोही शब्दाच्या शेवटी, हलकेच उच्चारलेला.

दवाखान्यातलं उदाहरण घ्या. ‘एल मेदिको दिसे के तोमा लास पास्तियास.’ म्हणजे, डॉक्टर म्हणतात की तो गोळ्या घेतो. आता ‘तोमा’चं ‘तोमे’ करा. ‘एल मेदिको दिसे के तोमे लास पास्तियास.’ म्हणजे, डॉक्टर म्हणतात की त्यानं गोळ्या घ्याव्यात. पहिल्या वाक्यात डॉक्टरांनी माहिती दिली, दुसऱ्यात सूचना. पहिलं ऐकून घरचे निर्धास्त होतील, दुसरं ऐकून औषधाच्या दुकानाकडे धावतील. क्रियापद तेच, ‘म्हणतात’ हा शब्द तोच. बदलला तो शेवटचा स्वर.

मराठीत असा गोंधळ सहसा होत नाही. ‘तो घेतो’ आणि ‘त्यानं घ्याव्यात’ यांत कर्त्याला प्रत्यय लागतो, क्रियापदाचा चेहरा बदलतो, ते गोळ्यांप्रमाणे अनेकवचनी होतं. एक खूण निसटली तरी दुसरी सावरून घेते. स्पॅनिशमध्ये या वाक्यात एकच खूण, आणि ती कानावरून गेली की गेली. अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तिथे आजारी आजीचं आणि डॉक्टरचं बोलणं कधी नातवंडं, कधी दुभाषे एकमेकांना पोहोचवतात. अशा वेळी हा ‘आ’ की ‘ए’ परीक्षेतल्या एका गुणापुरता उरत नाही.

आग्रहाचंही तेच. ‘इन्सिस्ते एन के त्राबाहा’ म्हणजे, तो काम करतो असं ती ठासून सांगते. ‘इन्सिस्ते एन के त्राबाहे’ म्हणजे, त्यानं काम करावं असा तिचा हट्ट आहे. पहिल्या बाईला मुलाचा अभिमान आहे, दुसरीला त्याची काळजी!

मराठी कान इथे कामाला येतो

सुबहुन्तिबोचा पहिला आणि हक्काचा वापर इच्छेसाठी. ‘एस्पेरो के कोमास बिएन’, तू नीट जेवावंस अशी आशा आहे. इथे एक नियम पाळावा लागतो. इच्छा करणारा आणि कृती करणारा एकच असेल तर सुबहुन्तिबो येत नाही. ‘कियेरो कोमेर’, मला जेवायचंय. दोघं वेगळे असले की मध्ये ‘के’ येतो आणि मागून सुबहुन्तिबो. ‘कियेरो के कोमास’, तू जेवावंस अशी माझी इच्छा आहे. मराठीतही ‘मला जेवायचंय’ आणि ‘तू जेवावंस’ यांची घडण वेगळीच आहे. तेव्हा हा नियम घोकण्यापेक्षा मराठीत मनाशी बोलून पाहिलं तरी पुरतं.

दुसरा वापर अदबीचा. जुन्या वळणाच्या मराठी घरात पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणण्याऐवजी ‘यावं, बसावं’ म्हणत. थेट हुकूम टाळून विध्यर्थाची मखमल अंथरायची ही रीत. स्पॅनिश माणूस नेमकं हेच करतो. ‘पासे’, आत यावं. ‘तोमे’, घ्यावं. ‘एस्क्रिबा’, लिहावं. ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ म्हणून ज्याला संबोधायचं, त्याला साधा आज्ञार्थ चालत नाही, सुबहुन्तिबोचंच रूप द्यावं लागतं. लहानाला ‘खा’ म्हणायचं तर ‘कोमे’ चालतं. पण त्याच लहानाला ‘खाऊ नकोस’ म्हणायचं झालं की पुन्हा ‘नो कोमास’. नकारात लहानथोर सारे सुबहुन्तिबोच्या छपराखाली येतात.

तिसरा वापर आशीर्वादांचा, आणि तो सगळ्यांत गोड. वाक्याच्या सुरुवातीला नुसता ‘के’ ठेवायचा आणि पुढे सुबहुन्तिबो. झोपायला निघालेल्याला ‘के देस्कान्सेस’, तुला छान विश्रांती मिळो. स्पेनमध्ये जेवायला बसलेल्यांना ‘के आप्रोबेचे’, अन्न अंगी लागो. आजाऱ्याला ‘के ते मेहोरेस’, लवकर बरं वाटो. वाढदिवसाला ‘के कुम्प्लास मुचोस मास’, असे आणखी खूप वाढदिवस येवोत. आणि गेलेल्या माणसाचं नाव निघालं की ‘के एन पास देस्कान्से’, शांती लाभो. ही सगळी नियमित क्रियापदं आहेत. इंग्रजी शोकसंदेशांतून घरोघरी पोहोचलेली ‘आर. आय. पी.’ ही अक्षरंसुद्धा मुळात ‘रेक्विएस्काट इन पाचे’ या लॅटिन वाक्याची, आणि ‘रेक्विएस्काट’ हे लॅटिनमधलं असंच ‘आ’ स्वराचं रूप. जन्मदिवसापासून थडग्यापर्यंत या क्रियारूपाची सोबत सुटत नाही.

आशीर्वादांत एक शब्द खास आहे, ‘ओहाला’. याच्यापाठी सुबहुन्तिबो आलाच पाहिजे. ‘ओहाला एस्क्रिबा’, तो पत्र लिहो, लिहील तर किती बरं! इसवी सन ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. मुस्लिम सत्तेचं शेवटचं ठाणं, ग्रानादा, १४९२ मध्ये पडलं. या शतकांच्या सहवासात शेकडो अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मुरले. ‘ओहाला’ त्यांतलाच, मूळ अर्थ ‘अल्लाची मर्जी असेल तर’. आपल्याकडे ऐकू येणाऱ्या ‘इन्शाअल्ला’चा हा दूरचा भाऊ. आज तो उच्चारणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या मनात देवाधर्माचा विचारही नसतो, उरली आहे ती फक्त आस.

आणि इथे फसवतो

मात्र मराठी कानावर डोळे मिटून विसंबता येत नाही. निदान तीन वळणांवर तो दगा देतो.

पहिलं वळण अंदाजाचं. ‘तो मांस खात असावा’ असं मराठी माणूस विध्यर्थात म्हणतो. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘क्रेओ के कोमे कार्ने’. ‘क्रेओ’ म्हणजे मला वाटतं. खात्री नसली तरी मत त्यानं दिलं आहे, म्हणून रूप साधंच. तेच मत नाकारलं की स्वर पालटतो. ‘नो क्रेओ के कोमा कार्ने’, तो मांस खात असेल असं मला वाटत नाही. इथे त्यानं कसलीच ग्वाही दिलेली नाही.

दुसरं वळण ‘जेव्हा’चं. ‘कुआन्दो येगा, कोमेमोस’ म्हणजे तो येतो तेव्हा आम्ही जेवतो, हे रोजचंच. पण तो अजून यायचा आहे, ताटं मांडून सगळे वाट पाहताहेत, तर ‘कुआन्दो येगे, कोमेमोस’. मराठीत इथे ‘तो आला की जेवू’ असं चक्क भूतकाळी रूप येतं. विध्यर्थाचा मागमूसही नाही. स्पॅनिशचा हिशेब असा, की जे घडलेलंच नाही ते घडतंय असं सांगता येत नाही.

तिसरं वळण सगळ्यांत चकवणारं. ‘मे आलेग्रा के बिबास आकी’, तू इथे राहतोस याचा मला आनंद आहे. ‘तू इथे राहतोस’ हे शंभर टक्के खरं. मग सुबहुन्तिबो कशाला? ‘संशय असेल तिथे सुबहुन्तिबो’ असं सूत्र पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास अडकतो. उत्तर असं, की तो इथे राहतो ही बातमी इथे कुणी कुणाला देत नाही. ती दोघांनाही ठाऊक आहे. सांगायचा आहे तो आनंद. ज्ञात गोष्ट सांगण्याच्या जागेवरून खाली उतरते आणि तिचा साज बदलतो.

नोकरीच्या जाहिरातीतही हा भेद दिसतो. ‘बुस्को आ उना सेक्रेतारिया के आब्ला आलेमान’ म्हणजे जर्मन बोलणारी एक ठरावीक सेक्रेटरी आहे आणि तिला शोधतोय. ‘बुस्को उना सेक्रेतारिया के आब्ले आलेमान’ म्हणजे जर्मन येत असेल अशी कुणीतरी हवी आहे. पहिली माणूस आहे, दुसरी अजून अपेक्षाच!

एकच प्रश्न

पाठ्यपुस्तकं सुबहुन्तिबोच्या वापरांची लांबलचक यादी देतात. इच्छा, शंका, भावना, नकार, आज्ञा, भविष्य. यादी चुकीची नाही, पण बोलताना ती आठवत बसायला वेळ कुणाला असतो? त्यापेक्षा मनाशी एकच प्रश्न ठेवणं सोयीचं. या दुसऱ्या क्रियापदाची ग्वाही बोलणारा देतोय का? देत असेल, तर साधं रूप. फक्त मागत, नाकारत, वाट पाहत किंवा त्यावर हसत-रडत असेल, तर सुबहुन्तिबो. दवाखान्यातली गोळी, काम करणारा मुलगा, जर्मन येणारी सेक्रेटरी, सगळ्यांना हाच प्रश्न लावून पाहता येतो. अपवाद पुढे भेटतील, पण तोवर पाया पक्का झालेला असेल.

सरावासाठी दहा नियमित क्रियापदं पुरतात. रोज जोड्या मोठ्यानं म्हणाव्यात. आब्ला, आब्ले. तोमा, तोमे. त्राबाहा, त्राबाहे. कोमे, कोमा. एस्क्रिबे, एस्क्रिबा. बिबे, बिबा. नुसतं वाचून भागत नाही, कारण खरी परीक्षा कानाची आहे. दुसऱ्या कुणी म्हणावं आणि शिकणाऱ्यानं ‘बातमी’ की ‘मागणी’ एवढंच ओळखावं. घरातल्या घरात पोरांचा खेळ होतो.

स्पॅनिश घरातलं मूल तरी वेगळं काय करतं? ‘सुबहुन्तिबो’ हा शब्द त्याच्या कानावर शाळेत गेल्यावर पडतो. त्याआधी कितीतरी वर्षं त्यानं आईचं ‘नो कोमास’, आजीचं ‘के देस्कान्सेस’ आणि पाहुण्यांना म्हटलेलं ‘पासे’ ऐकलेलं असतं. नको, असो, यावं! भाषा कुठलीही असो, मागणं ही गोष्ट माणूस व्याकरणाच्या आधी शिकतो.